मले अजून समजलं नाही

लग्न होऊन मी पुण्याहून अकोल्याला आले आणि जठारपेठेतल्या एका संस्थेत नोकरीला लागले. अपंग, अंथरुणाला खिळलेल्या किंवा म्हातारपणी एकट्या पडलेल्या माणसांच्या घरी जायचं, त्यांना नेमकं काय हवंय ते पाहायचं आणि मग त्याची सोय लावायची, असं आमचं काम. ऑफिस भांड्यांच्या दुकानाच्या वर होतं. खाली गिऱ्हाईक पातेलं वाजवून पाहायला लागलं की वर आमचं बोलणं थांबायचं.

पहिल्या दिवशी मी उभी राहून माझी ओळख करून दिली. शिक्षण कुठे झालं, कशावर प्रबंध लिहिला, सगळं नीट सांगितलं. कोपऱ्यातल्या टेबलामागे एक सावळ्या, अंगाने भरलेल्या बाई शेंगा सोलत ऐकत होत्या. माझं संपल्यावर त्या म्हणाल्या,

"पोरी, तुह्या मराठीले भल्ली इस्त्री आहे वं. लोकाईच्या घरात नेशीन तं जरा चुरगाळून नेजो."

सगळे हसले. मला राग आला. घरी जाऊन नवऱ्याला सांगितलं तर तोही हसला, आणि म्हणाला, "म्हणजे तू आवडलीस त्यांना." त्या वसुधाताई गावंडे. पुढे नोकरीतली माझी बहुतेक वर्षं मी त्यांच्याबरोबर एसटीत, रिक्षात आणि लोकांच्या ओसऱ्यांवर काढली.

एसटीत बसल्या की गाडी स्टँडमधून बाहेर पडायच्या आत त्यांना झोप लागायची. तोंड थोडं उघडं, पर्स पोटाशी घट्ट. उतरायचं गाव आलं की कोणी न उठवता जाग्या व्हायच्या आणि पहिला प्रश्न खाण्याचा असायचा. अमरावतीला गेलो आणि गिला वडा न खाता परतलो असं एकदा सोडून कधी झालं नाही. कामाला उशीर होईल म्हटलं तर म्हणायच्या, "उपाशी पोटी दुसऱ्याचं दुख आइकलं की आपल्याले त्याचा राग येते. खाय गपचूप."

पर्समध्ये बडीशेप, सुईदोरा, एक मलमाची ट्यूब आणि नेलकटर. हे नेलकटर म्हणजे त्यांचं मुख्य हत्यार होतं. कोणाच्या घरी गेल्या, पाणी प्यायल्या, इकडचं तिकडचं बोलणं झालं की खाटेवरच्या माणसाचा हात हातात घ्यायच्या. "नखं वाढली ना दादा. थांबा." आणि कापायला बसायच्या. एकेक बोट, सावकाश. अंथरुणावरच्या माणसाला औषध मिळतं, जेवण मिळतं, पण त्याच्या नखांकडे बघायला घरात कोणाला फुरसत नसते. मी एकदा विचारलं की हे तुम्ही मुद्दाम करता का. त्या म्हणाल्या, "नखं कापताना दोघंबी बोटाकडं पायतात. डोयाले डोया लागत नाही. मंग मानूस बोलते."

भेटीनंतर असेसमेंटचा फॉर्म भरून द्यायचा असे. आमचे देशमुख सर सरळ, कामसू माणूस. वर्षाला इतक्या लोकांपर्यंत पोचलो असं त्यांना वर कळवावं लागायचं. ते विचारायचे, "काय वसुधाताई, काय गरज निघाली?"

"मले अजून समजलं नाही."

"अहो, सकाळपासून बसून आलात."

"बसली ना. चा पेली. मानूस चांगला आहे. पन समजलं नाही."

सर कपाळाला हात लावायचे. दुसऱ्या-तिसऱ्या भेटीनंतर कधीतरी त्या आपण होऊन सरांच्या टेबलाशी जाऊन उभ्या राहायच्या, आणि मग जे सांगायच्या ते दोन वाक्यांत असायचं.

अकोटचे सलीमभाई मी त्यांच्याबरोबर पाहिलेले पहिले पेशंट. जिनिंगमध्ये रुईच्या गाठी ट्रकवर चढवताना वरून पडले आणि कमरेखालचं अंग गेलं. त्यांची बायको नजमाबी संस्थेत येऊन व्हीलचेअर मागून गेली होती. मला वाटलं, यात पाहायचं काय? पाय गेलेल्या माणसाला खुर्ची. पण त्याच गावात आम्ही आधी दिलेली एक व्हीलचेअर वाटेत वसुधाताईंनी मला दाखवली. तिच्यावर तुरीचं पोतं बसलेलं होतं आणि पोत्यावर मिरच्या वाळत होत्या.

सलीमभाईंच्या घराचं दार इतकं अरुंद होतं की मी आणि वसुधाताई एकामागून एक आत गेलो. ते भिंतीकडे तोंड करून पडले होते. नजमाबी भरभरून बोलत होती. चहा आला. वसुधाताईंनी नखं काढायला घेतली. डाव्या हाताची झाली, उजव्या हाताची सुरू झाली, तोवर सलीमभाई काही बोलले नव्हते. मग हळूच म्हणाले,

"बाई, कुर्सी पे बैठ के जाऊंगा किधर?"

"हाव ना. तेच मी इचार करून राहिली," वसुधाताई बोटावरची नजर न काढता म्हणाल्या. "जेवन बरोबर जाते का?"

"खाताच नहीं ये," नजमाबी म्हणाली. "बस आधी रोटी. पानी तो बिलकुल नहीं. डॉक्टर चिल्लाता है."

वसुधाताईंनी तिला शेजारून थोडं दूध आणायला पाठवलं. ती गेल्यावर सलीमभाई बोलले ते अजूनही मला जसंच्या तसं ऐकू येतं. पाणी प्यायलं की सगळं तिला काढावं लागतं. दिवसभर मिरची कांडपावर उभी राहून ती येते आणि माझं आवरते. तिच्यासमोर मान वर होत नाही. म्हणून खाणंपिणं कमी केलंय.

त्या घरात व्हीलचेअर गेली नाही. गावातल्या सुताराकडून वसुधाताईंनी मध्ये भोक असलेली लाकडी खुर्ची करून घेतली, कोपऱ्यात पडदा लावला, आणि सलीमभाईंच्या धाकट्या भावाला ओसरीवर बसवून चांगलं झापलं. "भाऊ आहे ना तू? मंग सकाळी कामावर जाच्या आधी याले उचलून खुर्चीवर बसवाले काय होते तुले?" भाऊ वरमला. त्याला कोणी असं सांगितलंच नव्हतं, असं तो म्हणाला, आणि ते खरं असावं, कारण दुसऱ्या दिवसापासून तो यायला लागला. काही महिन्यांनी गेलो तेव्हा सलीमभाईंचं तोंड दाराकडे होतं. व्हीलचेअर त्यांना मिळाली, पण बऱ्याच नंतर, त्यांनी स्वतः मागितली तेव्हा.

हे ऐकून कोणाला वाटेल की माणसाच्या मनातलं ओळखायची काही सिद्धी त्यांना होती. तसं नव्हतं, आणि ते त्या स्वतःच सगळ्यांना रंगवून सांगायच्या. नवीन मुलंमुली प्रशिक्षणाला आली की त्यांना सलीमभाईंची गोष्ट मी सांगायची आणि जोशीबाईंची गोष्ट त्या.

जोशीबाई आमच्या ऑफिसपासून चार गल्ल्या सोडून राहायच्या. निवृत्त मुख्याध्यापिका, घरात एकट्या, मुलगा परदेशात. त्यांनी फोन करून सांगितलं होतं की गुडघ्यांना रोज तेल लावून शेक द्यायला एखादी बाई हवी आहे, पगार मी देईन, तुमच्या माहितीतली विश्वासू असली म्हणजे झालं. वसुधाताई जाऊन आल्या. ते मोठं घर, भिंतीवरचे फोटो, एकच धुतलेली कपबशी, हे सगळं त्यांनी पाहिलं. गुडघे निमित्त आहेत, बाईंना सोबत हवी आहे, असं त्यांच्या मनाने घेतलं. त्या वेळी मात्र "अजून समजलं नाही" म्हणाल्या नाहीत. त्याच आठवड्यात त्यांनी ओळखीचं एक महिला भजनी मंडळ जोशीबाईंकडे धाडून दिलं.

दुसऱ्या दिवशी जोशीबाई काठी टेकत, कठडा धरत आमचा जिना चढून वर आल्या. धाप लागलेली, पण आवाज वर्गातला.

"गावंडे कोण? तुम्ही का? उभ्या राहा." वसुधाताई खरोखर उभ्या राहिल्या. "मी एकटी राहते. एकाकी नाही. दोन्हींतला फरक कळतो का? मला गुडघ्यांसाठी बाई हवी होती, तुम्ही टाळ-मृदंग पाठवलेत. दुपारची माझी वाचायची वेळ असते. त्या बायका तीन तास गेल्या नाहीत, आणि वरून त्यांच्यासाठी चहा मलाच करावा लागला. उभ्याने!"

खालच्या दुकानातलं पातेलंही त्या वेळी वाजायचं थांबलं होतं.

वसुधाताईंनी त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं आणि वाकून नमस्कार केला. "चुकलं मॅडम. तुमी सांगतलं थे मी आइकलंच नाही." तेल लावणारी बाई संध्याकाळपर्यंत मिळाली. पुढे जोशीबाई आणि त्या चांगल्या मैत्रिणी झाल्या, म्हणजे जोशीबाई त्यांना पुस्तकं द्यायच्या आणि त्या ती न वाचता परत करून बोलणी खायच्या. मुलांना ही गोष्ट सांगून झाली की वसुधाताई म्हणायच्या, "मानूस जे मांगते थे आधी निट आइका. कधी कधी त्याले तेच पायजे असते."

आता संगीचं सांगते.

कौंडण्यपूरला वर्धा नदीवर किसनराव नावाचे एक म्हातारे गृहस्थ होते. उमेदीत त्यांनी नदीवर डोंगा चालवला, आता दम लागायचा म्हणून घरीच असत. बायको कधीच गेलेली. एकुलती मुलगी संगीता, सगळे तिला संगी म्हणत. विशी ओलांडलेली, पण समज लहान मुलाएवढी, बोलणं जवळपास नाहीच. किसनरावांनी कोणाकडून तरी संस्थेचं नाव ऐकलं आणि निरोप पाठवला. आम्ही गेलो तेव्हा त्यांनी काही आढेवेढे घेतले नाहीत.

"मॅडम, मी काई लय दिवसाचा नाही. मी मेलो तं हिचं कसं होईन? कुठंतरी ठेवून द्या तिले. मी डोये मिटाच्या आधी मले पाहू द्या का ते बरी आहे."

"संगी कुठं आहे?" वसुधाताईंनी विचारलं.

संगी देवळाच्या पायऱ्यांशी होती. दर्शनाला येणाऱ्यांच्या चपला ती सांभाळायची. तिला कोणी हे काम दिलं नव्हतं. आईबरोबर लहानपणी तिथे बसायची, ते बसणं तसंच पुढे चालू राहिलं. बिल्ला नाही, टोकन नाही. माणूस चपला काढून वर जायचा आणि खाली यायचा तेव्हा त्याच्या चपला, तोंड बाहेरच्या बाजूला करून, त्याच्या पुढ्यात ठेवलेल्या असायच्या. शेजारी हारफुलांचं दुकान लावणारी रुखमाबाई आम्हाला म्हणाली, "यात्रेतबी चुकत नाही. मले माह्या घरच्याइच्या ओयखू येत नाहीत, पन हिले येतात." कोणी हातावर नाणं ठेवायचं, कोणी केळं द्यायचं. काही न देता गेलेल्या माणसाकडेही संगी त्याच चेहऱ्याने पाहायची.

वसुधाताई तिच्याजवळ जमिनीवर बसल्या आणि नेलकटर काढलं. संगीने हात झटकन मागे घेतला. पुन्हा प्रयत्न केला तर उठून लांब जाऊन बसली. मग वसुधाताई दुपारभर नुसत्या तिच्यापासून थोड्या अंतरावर बसून राहिल्या. परतताना एसटीत त्यांना झोप लागली नाही.

त्या महिन्यात अमरावतीच्या एका निवासी संस्थेत मुलींची एक जागा रिकामी झाली. चांगली संस्था, स्वच्छ, नाव ठेवायला जागा नाही. देशमुख सर म्हणाले, "अशी जागा वर्षानुवर्षं निघत नाही. आपण नाही म्हटलं तर दुसरी मुलगी जाईल. आणि वसुधाताई, मला खरं सांगा, अशी मुलगी उद्या एकटी त्या पायऱ्यांवर बसलेली तुम्हाला चालेल? यात्रेत कोण येतं, कोण जातं, काय सांगता येतं?"

मी सरांच्या बाजूने बोलले. किसनराव तर सारखे फोन करून विचारत होते. वसुधाताई दोनदा परत कौंडण्यपूरला जाऊन आल्या आणि दोन्ही वेळा तेच म्हणाल्या की मले अजून समजलं नाही. पण जागा थांबणार नव्हती. शेवटी त्यांनी होकार लिहिला, आणि संगीला अमरावतीला पोचवायला आम्ही दोघीच गेलो. संगी रडली नाही. गाडीत खिडकीशी बसून सगळ्यांच्या पायांकडे पाहत होती.

तिथे ती रुळली असं सगळे म्हणाले. वेळेवर जेवायची, वजन वाढलं, केसांतल्या उवा गेल्या. किसनराव एकदा भेटून आले आणि समाधानाने रडले. केस संपली होती. तरी वसुधाताई महिन्यातून एकदा तिच्याकडे जायच्याच, आणि त्यासाठी अमरावतीत काहीतरी काम काढायच्या.

उन्हाळ्यातल्या अशाच एका भेटीला मी बरोबर होते. संगीने आम्हाला पाहून काही केलं नाही. तासभर आम्ही तिच्या खाटेशी बसलो, केळी खाल्ली, मग निघालो. व्हरांड्यात आलो तर माझ्या चपला होत्या, वसुधाताईंच्या नव्हत्या.

शोधाशोध झाली. मुली जमल्या, सगळ्या एकमेकींकडे बोट दाखवायला लागल्या. मुलींना सांभाळणाऱ्या तिथल्या ताईंच्या लक्षात आलं की संगी आपल्या खाटेवर उशी पोटाशी धरून बसली आहे आणि उशी नेहमीपेक्षा फुगलेली आहे. "संगीता, दे त्या इकडे. मॅडमना जायचंय ना?" संगीने उशी आणखी घट्ट धरली. ती खाटेच्या कोपऱ्यात भिंतीला पाठ लावून सरकली.

"राहू द्या," वसुधाताई म्हणाल्या.

"अहो मॅडम, बाहेर डांबर वितळतंय."

"राहू द्या म्हनते ना."

त्या अनवाणी बाहेर पडल्या. रिक्षापर्यंत जाताना त्यांचे तळवे भाजत असणार, कारण त्या पावलाच्या कडेवर चालत होत्या. मी माझ्या चपला पुढे केल्या, त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. स्टँडवर चपलांचं दुकान होतं. मी थांबले. त्या म्हणाल्या, "नको. चाल." त्या दिवशी गिला वडाही खाल्ला नाही. गाडी बडनेऱ्याच्या पुढे गेल्यावर त्या बोलायला लागल्या, माझ्याकडे न बघता.

"ज्या पोरीनं आजपर्यंत कोनाची चप्पल इकडची तिकडं केली नाही, ते माह्या चपला लपवून बसली. काहून?"

मी पाण्याची बाटली पुढे केली, त्यांनी ती नुसती हातात धरली.

"आपन तिच्या बापाले इचारलं. सरांले इचारलं. तुले इचारलं. बापाची गरज होती का पोरगी सुखरूप राहावं. ते आपन भागवली. पन हिचं कोनं इचारलं? मी इचाराले गेली तं नेलकटर घेऊन गेली. तिले जे येते त्यातूनच ते बोलनार ना वं." थोड्या वेळाने त्यांनी डोळे पुसले. "चपला नाही तं मानूस जात नाही, इतकं तिले मालूम आहे."

देशमुख सरांनी दुसऱ्या दिवशी त्यांचं सगळं ऐकून घेतलं आणि मग शांतपणे विचारलं, "आणि तिला परत नेल्यावर काही वाईट झालं तर?"

"तं ते माह्यामुळं झालं असं मी म्हनीन," वसुधाताई म्हणाल्या. "मले भेव वाटून राहिलं सर. पन इथंबी तं वाईटच होऊन राहिलं, फक्त कोनाले दिसत नाही."

सरांनी एक अट घातली. अमरावतीची जागा काही महिने राखून ठेवायची विनंती करायची, आणि घरची व्यवस्था पक्की झाल्याशिवाय मुलीला हलवायचं नाही. ही अट वसुधाताईंना एकदम पटली. पुढचे काही आठवडे आम्ही रुखमाबाईच्या ओसरीवर पडीक होतो.

रुखमाबाई लगेच हो म्हणाली नाही. तिला संगीचा लळा होता, पण ती व्यवहाराची बाई होती. तिचा मुलगा तर स्पष्ट बोलला, "आज म्हातारा आहे. उद्या तो गेला तं हे कायमची आमच्या गळ्यात. आमी काय सरकार आहो?"

मला वाटलं आता वसुधाताई त्याला सलीमभाईंच्या भावासारखं झापणार. पण त्या म्हणाल्या, "तुह्यं बरोबर आहे भाऊ. गळ्यात नाही घ्याची. कोनतं कोनतं तुमच्याच्यानं होईन तेवढंच सांग. बाकीचं आमी पाहू."

मग एकेक गोष्ट निघाली. जेवणाचं काही नाही, चुलीवर एक भाकर जास्त, असं रुखमाबाई म्हणाली. पण आजारी पडली तर? गावातल्या आशाताईशी, म्हणजे आरोग्यसेविकेशी, बोलून ठेवलं, माझा फोन नंबर रुखमाबाईच्या भिंतीवर कोळशाने लिहिला. सरकारच्या निराधार योजनेचा पगार तिला सुरू करून द्यायचं ठरलं. झोपायला रुखमाबाईच्याच खोलीत, आतून कडी. अंधार पडला की पायऱ्यांवर बसायचं नाही. देवळासमोरच्या दुकानदारांना वसुधाताईंनी गोळा केलं आणि सांगितलं की संगीवर सगळ्यांनी नजर ठेवायची. एक पेढेवाला म्हणाला, "ते तं आमी ठेवतोच. तुमी नेली तवा आमाले कोनं इचारलं?" वसुधाताईंनी त्याच्यापुढे हात जोडले.

किसनरावांना समजावणं सर्वांत कठीण गेलं. त्यांना वाटलं, सुटलेली काळजी आम्ही परत त्यांच्या उरावर आणून ठेवतोय. ते रागावले, आम्हाला जा म्हणाले. मग रुखमाबाई येऊन त्यांच्या उंबऱ्यावर बसली आणि म्हणाली, "किसनभाऊ, मी आहे ना." आमच्या इतक्या दिवसांच्या बोलण्याने झालं नाही ते त्या एवढ्या शब्दांनी झालं.

संगीला आणायला गेलो तेव्हा तिचं गाठोडं आधीच बांधलेलं होतं. फाटकापाशी रिक्षा उभी राहिली. संगीने गाठोडं जमिनीवर ठेवलं, गाठ सोडली, आतून वसुधाताईंच्या चपला काढल्या आणि त्यांच्या पावलांपुढे मांडल्या, तोंड बाहेरच्या बाजूला करून. वसुधाताईंच्या पायांत तोवर नव्या चपला होत्या. त्यांनी त्या तिथेच काढल्या आणि जुन्या घातल्या.

त्या वर्षीच्या कार्तिकाच्या यात्रेत वसुधाताई रजा टाकून रुखमाबाईच्या घरी राहिल्या. देवदर्शन करायचंय असं ऑफिसात सांगितलं होतं. रुखमाबाईने नंतर मला सांगितलं की देऊळ सोडून बाईची नजर पायऱ्यांवरच होती, आणि संगीला त्यांची इतकी अडचण झाली की तिने दोनदा हात धरून त्यांना बाजूला सरकवलं.

थंडी संपता संपता किसनराव गेले. झोपेतच गेले, संगी रुखमाबाईकडे होती. त्यानंतर बरेच दिवस संगी सकाळी पायऱ्यांवर आली की पहिल्यांदा बापाच्या वहाणा रांगेच्या टोकाला मांडायची. लोक यायचे, आपापल्या चपला घालून जायचे, त्या वहाणा संध्याकाळपर्यंत तशाच. रुखमाबाईला ते बघवेना, तिने फोन केला. वसुधाताई गेल्या, दिवसभर तिथे बसल्या आणि कोणी वहाणा उचलायच्या नाहीत एवढं सांगून आल्या. पावसाळ्याच्या तोंडाला एक दिवस संगीने आपण होऊन त्या घरात नेऊन ठेवल्या. ती अजून रुखमाबाईकडेच आहे. रुखमाबाईचा मुलगा अधूनमधून कुरकुरतो, पण यात्रेच्या गर्दीत तिला जेवायला हाक मारायला तोच जातो.

वसुधाताई निवृत्त झाल्या आणि अमरावतीला मुलीच्या जवळ घर घेऊन राहायला गेल्या. निरोपसमारंभात त्यांना भाषण करायला सांगितलं तर उभ्या राहिल्या, सगळ्यांकडे पाहिलं, "जेवून जा सगळे," म्हणाल्या आणि बसल्या. त्यांच्या जागेवर आता मी बसते. असेसमेंट लिहिताना हात थांबतो, आणि थांबला की मी सरांना सांगते की थोडे दिवस द्या. सर आता काही म्हणत नाहीत.

त्या गेल्याचं मला त्यांच्या यजमानांनी, भाऊरावांनी फोनवर सांगितलं. मी तेव्हा माहेरी पुण्याला होते, आई आजारी होती, पोचू शकले नाही. त्यामुळे निजलेल्या, हार घातलेल्या वसुधाताई मी पाहिल्याच नाहीत, आणि याचं मला आता फारसं वाईट वाटत नाही. मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्याच्या आधीच्या हिवाळ्यात. कामासाठी अमरावतीला गेले होते, तर सकाळीच त्यांच्या घरी गेले. घराला कुलूप. शेजारच्या बाई म्हणाल्या, "मैदानावर असतीन. जा, पाहा गंमत."

मैदान मागेच होतं. कोवळं ऊन पडलं होतं. एका टोकाला भाऊराव मफलर बांधून, दोन्ही हात पसरून पळत होते आणि त्यांच्या पुढे, साडीचा काष्टा खोचून, हेल्मेट घालून, वसुधाताई मुलीची स्कूटी चालवत होत्या. जन्मभर एसटीत झोपलेली बाई साठीत गाडी शिकत होती. मी हात हलवला. त्यांनी मला ओळखलं, आनंदाने एक हात वर केला, गाडी वाकडी झाली, भाऊराव ओरडले, त्यांनी हात खाली घेतला आणि सरळ माझ्याच दिशेने यायला लागल्या.

"वसुधाताई, थांबा!" मी म्हटलं.

"बाजूले हो वं पोरी!" त्या ओरडल्या. "ब्रेक सापडून नाही राहिला!"

मी उडी मारून बाजूला झाले. त्या माझ्या अंगावरून वारा घालत गेल्या, धूळ उडवत मैदानाच्या पार टोकाला पोचल्या, आणि तिथे थांबतील असं वाटत असतानाच, खो खो हसत, गाडी वळवून पुन्हा निघाल्या.